गाडीवाल्या वैनींचं प्रोफाइल

गाडीवाल्या वैनींचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. शिकणारी बाई पुढे, वैनी मागच्या सीटवर, आणि कानाशी गर्जना, "म्होरं बघ की! चाकाकडं काय बघतीयास, ते कुठं पळून जात न्हाय!" कोल्हापुरात आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर सकाळी फिरायला येणारे आजोबा दचकायचे आणि हसत पुढे जायचे. बायकांना स्कूटी शिकवायचा वैनींचा उद्योग असा उघड्यावर, एका जुन्या निळ्या गाडीवर चालायचा.

मीही त्यांच्याकडेच शिकले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, बसच्या वेळा जमेनात, आणि चाळिशी उलटल्यावर हँडल धरायची पाळी आली. पहिल्या दिवशी माझे पाय जमिनीवरून उठेनात. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' म्हणतात, तशाच सुरात वैनी म्हणाल्या, "उचल पाय. पडलीस तर मी बी पडतो की तुझ्यासंगं." एकटीने पडायचं नाही, एवढ्या हमीवर मी पाय उचलले.

कुणीतरी कुणाला सांगायचं आणि त्यांच्याकडे बायका यायच्या. मग शहरात एक प्रशिक्षण केंद्र निघालं. मोबाइलवर वेळ निवडायची, गुलाबी हेल्मेट घातलेली मुलगी दारात हजर. वैनींचा फोन वाजेनासा झाला. एका रविवारी त्या माझ्या घरी येऊन बसल्या. "संगीता, पोरी आता इचारत न्हाईत, बुक करत्यात. मला बी त्यात घाल."

छोट्यामोठ्या व्यावसायिकांची यादी दाखवणारं एक ॲप मी उघडलं आणि अर्ध्या तासाचं काम म्हणून चहा टाकला. संध्याकाळ झाली तरी आम्ही व्यवसायाच्या प्रकारापाशीच अडकून होतो. 'ड्रायव्हिंग स्कूल' निवडलं की चारचाकीवाल्यांचे सगळे कागद मागायचे. 'महिला प्रशिक्षक' निवडलं तर त्या ॲपने वैनींना थेट व्यायामशाळांच्या रांगेत बसवलं. मंजुरी बाकी होती, तरी दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "एक बाई इचारत व्हती, वजन किती दिसात कमी हुईल. म्हटलं, पेट्रोल न भरता गाडी ढकल, लगीच हुईल."

मग ॲपने दुकानाच्या पाटीचा फोटो मागितला. दुकान नव्हतंच. आम्ही मैदानाचा फोटो पाठवला, तो नाकारला. पुठ्ठ्यावर नाव लिहून ती पाटी हातात धरून वैनी मैदानात उभ्या राहिल्या, तोही नाकारला. पाटी कायमस्वरूपी हवी म्हणे. शेवटी मी मदत केंद्राला फोन लावला. "आपली अडचण आम्ही समजू शकतो," एवढं एकच वाक्य तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणत राहिला. वैनींनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "ओ पावणं, समजतंय तर मग अडीवलंय कशाला? मैदानाला कुणी दार बसिवतंय व्हय?" तो पुन्हा म्हणाला, आपली अडचण आम्ही समजू शकतो. मला मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला.

कसं कोण जाणे, एक दिवस प्रोफाइल मंजूर झालं. पत्ता कोल्हापूरचा, पण नकाशावरची खूण कागलला, हमरस्त्याच्या कडेला. मी ती हलवायचे, सकाळी ती परत तिथेच. तक्रार केली, तक्रारीला नंबर मिळाला, उत्तर मिळालं नाही. आणि तेवढ्यात पहिला अभिप्राय आला. एकच तारा. 'एक तास उन्हात उभी होते. कुणी आलं नाही. फसवणूक.'

मी संतापले. हा अभिप्राय काढून टाकायला लावते, म्हणाले. वैनींनी विचारलं, "पर ती खरंच उभी व्हती का गं, उन्हात?"

"असेल, पण चूक त्यांच्या नकाशाची आहे."

"मग तिचं काय चुकलं? बरोबरच लिवलंय की तिनं."

अभिप्रायासोबत आलेल्या नंबरवर त्यांनी त्या बाईला फोन लावला. रेश्मा तिचं नाव. गोठ्यात दोन म्हशी, पण दूध डेअरीला घालायला रोज दिराच्या हातापाया पडायचं. घरात देवळाचं निमित्त सांगून ती बाहेर पडली होती. वैनी दुसऱ्याच दिवशी कागलला गेल्या आणि ती चालवायला लागेपर्यंत रोज जात राहिल्या. पुढे एकदा ऑफिसला जाताना ती मला दिसली, स्कूटीवर पायापाशी दुधाचं कॅन ठेवून ताठ बसलेली.

तो तारा मात्र गेला नाही. रेश्माला तो बदलायचा होता, पण तिने भावाच्या मोबाइलवरून लिहिलं होतं, भाऊ परगावी, त्याला पासवर्ड आठवेना. मी मदत केंद्राला लिहून लिहून थकले. कोल्हापुरातल्या निम्म्या बायकांना चालवायला शिकवणारी बाई त्या ॲपवर शेवटपर्यंत एकाच ताऱ्याची राहिली.

पुढे वैनींच्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला.

गेल्या महिन्यात तो एक तारा पुन्हा दिसला आणि चिडून मी ते प्रोफाइलच बंद करायला घेतलं. त्यालाही वैनींच्या मोबाइलवर येणारा ओटीपीचा आकडा लागतो, म्हणून पुण्याला फोन केला. आकडा आला होता. तरी त्या सांगेनात.

"ऱ्हाऊ दे की गं," त्या म्हणाल्या. "पोरगं, सून कामाला जात्यात. दिसभर घरात कोण न्हाय. त्याच्यावरनं अजून कवातरी एखादीचा फोन येतोय. मी सांगतो, बाई, आता मी शिकवत न्हाय. पर त्येच्या आदी जरा बोलून घेतो."

मी आकडा न घेताच फोन ठेवला.