हुंकार देणारा थान

नाव: थान चिंगयू. राहणार: त्येनचिन, नदीकाठची जुनी पेठ. हुद्दा: विनोदी संवाद या लोककलेचे मान्यताप्राप्त कलावंत (दुय्यम). कार्य: टेबलामागे उभे राहून जोडीदाराच्या बोलण्यास योग्य जागी "हं", "असं होय" व "मग?" असे म्हणणे. जोडीदार: लू पाओत्सै. जोडीची स्थिती: उत्तम, सर्व संवाद मुखोद्गत.

सांस्कृतिक खात्यासाठी हा मजकूर थानने स्वतःच लिहिला होता. शेवटच्या ओळीपाशी त्याने मध्ये उठून चहा केला होता.

थान आणि लू एकाच गुरूचे चेले. लू थोरले, म्हणून दादा. वसंतातल्या सणापासून दादा घसरू लागले होते. कधी एका संवादातून भलत्याच संवादात शिरत, कधी आपलंच नाव घेताना थबकत. थान "मग?" म्हणून त्यांना वाटेवर आणी. जिथे ते रोज खेळ करत, त्या चहाघराच्या मालकिणीला याचा पत्ता नव्हता. ती दोघांहून पुष्कळ धाकटी, पण त्येनचिनमध्ये बाई म्हणजे ताईच. ताईला कळलं तर दारातल्या कार्यक्रमाच्या फळ्यावरून जोडीचं नाव उतरणार, हे उघड होतं. दादांना स्वतःला कळलं तर काय, हा विचार थान करत नसे.

आज दादांनी पक्वान्नांची माळ घ्यायचं ठरवलं. लग्नाच्या मेजवानीतले सगळे पदार्थ एका दमात. इथले प्रेक्षक ही माळ पाठ करूनच येतात. एक पदार्थ सुटला की चहाबरोबरच्या सूर्यफुलाच्या बिया सोलणं थांबवून लांबलचक "यूऽऽ" करून हुर्यो उडवतात.

"दादा, आज दुसरं काही घेऊ. घसा बसलाय माझा."

"हं म्हणायला घसा लागतो होय रे? जन्मभर माझ्या जिवावर उभा आहेस. आजही राहा."

वाफवलेल्या बदकापासून माळ सुरू झाली. थान ओठ मिटून मनातल्या मनात बरोबर चालला होता. कोळंबीपर्यंत सगळं सुरळीत. कोळंबीनंतर गोड्या पाण्यातला मासा. तो आला नाही. दादांच्या हातातला घडीचा पंखा उघडाच राहिला.

टेबलामागच्याने जोडीदाराचे शब्द उचलायचे नसतात. उचलले, तर हा माणूस संपला असं चारचौघांत सांगितल्यासारखं होतं.

"मग?"

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, अदबीनं.

"मग?"

दादांनी पुन्हा बदकापासून सुरुवात केली आणि पुन्हा कोळंबीपाशी थांबले. मागच्या बाकावरून "यू" उठू लागला.

"दादा," थान म्हणाला, "पहिली पंगत कोळंबीवरच उठवलीत. दुसरीलाही तेवढंच? मासा घेऊन वऱ्हाड पळालं काय?"

चहाघर हसलं. हसू ऐकून दादा खुलले आणि तिसऱ्यांदा बदकापासून निघाले. थानने तिसऱ्या पंगतीला फुकटे सोयरे बसवले. लोक टेबलं बडवू लागले. दोघांनी वाकून नमस्कार केला.

आत येताच ताईने थानला कोपऱ्यात गाठलं.

"इतकी वर्षं ही गंमत लपवून ठेवलीत, थानकाका? आता रोज हीच. फळ्यावर लिहितेय मी."

सवयीने थान "हं" म्हणून गेला. मग ते परत घ्यावं म्हणून तो शब्द शोधू लागला, तर ताई खडू घेऊन निघूनही गेली होती.

आतल्या खोलीत दादा झग्याची गळ्याशी असलेली गुंडी लावत होते. आपली पाळी कधी आहे, असं त्यांनी थानला विचारलं.