कारणाच्या रकान्यापाशी अडून बसलेले तात्या

तात्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठी मंडळी लिहिणार आहेत. मी वसईच्या एका कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करणारा कारकून. आयुष्यभर एकेका माणसावर एकच ओळ लिहीत आलो. त्यामुळे लेख मागितल्यावर आधी धडकीच भरली. पण विषय तात्यांचा आहे म्हटल्यावर आता लेखणी आवरणं कठीण झालं आहे.

काशिनाथराव, म्हणजे आपले तात्या, लढाईच्या दिवसांत आमच्याकडे आरोग्य निरीक्षक म्हणून रुजू झाले. पहिल्याच सकाळी त्यांनी माझं मृत्यूचं पुस्तक मागितलं. मला वाटलं, सही ठोकून परत देतील. त्यांनी टोपी काढून ठेवली आणि दुपारच्या चहापर्यंत वाचत बसले. मग म्हणाले, “आपल्या गावात बहुतेक सगळे तापानंच मरतात वाटतं?”

मी ऐटीत सांगितलं, की घरचे जे सांगतील तेच लिहितो, पदरचं काही घालत नाही.

“आणि ताप नसेल तर?”

“तर म्हातारपण.”

तात्या मनापासून हसले. “म्हातारपण हे कारण नव्हे, कारकुनाचा कंटाळा आहे.” असा आमचा परिचय झाला. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे आज जाहीर सांगून टाकतो.

दर वर्षी आम्ही हजारी किती माणसं गेली त्याचं प्रमाण काढून वर पाठवत असू. तात्यांचं त्यावर समाधान होत नसे. एका रविवारी ते मला किल्ल्यात घेऊन गेले. पडक्या चर्चमधले थडग्यांचे दगड खराट्यानं झाडून ते त्यांवरची अक्षरं लावू लागले. “केवढं शहर होतं हे,” ते म्हणाले. “नाव आहे, साल आहे. कशानं गेला ते मात्र कुणी लिहिलं नाही. उद्या कुणी आपलं पुस्तक उघडील, तर त्याला नुसता ताप सापडेल.” तेव्हापासून मला त्या रकान्याची लाज वाटू लागली.

त्यांची पद्धत साधी होती. “कशानं गेला असं विचारू नका, कसा गेला ते विचारा. सकाळपासून सुरुवात करा,” असं ते बजावत. ज्या घरी दुःख झालं आहे तिथं ते कागद-पेन्सिल काढत नसत. ओट्यावर बसून ऐकत, सगळं ध्यानात ठेवत आणि बाहेर येऊन लिहीत. उत्तर मिळेपर्यंत त्या घरचा चहाही घेत नसत. हा त्यांचा हट्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे.

एक दिवस त्यांनी पुस्तकातून एक यादी उतरवून माझ्यापुढं ठेवली. कारणं सोडून त्यांनी फक्त वयं पाहिली होती. आमच्या बागायती आळीतली बाळं सहाव्या ते नवव्या दिवसांत जात होती. शेजारच्या ख्रिस्ती आळीत, जिथली सुईण कातर उकळून घ्यायची, तिथं तसं होत नव्हतं. मी कुठं ‘ताप’ लिहिलं होतं, कुठं ‘आकडी’. त्या यादीतल्या दोन ओळी माझ्याच घरच्या होत्या. माहिती देणारा मी आणि लिहिणाराही मी.

तात्यांनी पुस्तक मिटलं. “सांगवेल तुम्हाला?” एवढंच विचारलं. मी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. दोन्ही बाळं छान दूध प्यायची. सातव्या दिवशी तोंड उघडेनात, अंग ताठ होई. घरात सटवीचं नाव निघालं आणि विषय संपला. तात्या म्हणाले, “हा धनुर्वात. नाळ कशानं कापली?”

आमच्या आळीत रीतच होती, की बागेच्या वारसाची नाळ बागेच्याच कोयतीनं कापायची. सकाळी जिनं केळीचे घड उतरवले, जी शेणखताच्या ढिगात खोवून ठेवली, तीच कोयती फडक्यानं पुसून आमची सुईण धाकूआजी वापरायची. वरून नाळेला चुलीतली राख. आणि त्या वेळी माझ्या बायकोला सातवा महिना चालू होता.

मी तडक जाऊन कोयती विहिरीत टाकायला निघालो. तात्यांनी माझा हात धरला आणि मला घेऊन धाकूआजीकडे गेले. दुसरा अधिकारी असता तर म्हातारीवर खेकसला असता. तात्या तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“ही आळी माझ्या हातान भरली,” आजी म्हणाली. “आता तू माना शिकवनार?”

“शिकवायला नाही, मागायला आलोय. कोयती तुमचीच राहू द्या. फक्त तिला बागेत पाठवू नका. कामाआधी उकळा, आणि राख लावू नका.”

“कोयती उकलायची? ती काय कंद हाय?”

“कंद उकडता तितकाच वेळ, आजी.”

म्हातारी हसली, आणि तिथंच आमचं काम झालं. तात्यांनी लोहाराकडून एक लहानशी नवी कोयती करवून आणली. आजीनं तिला हळदकुंकू लावलं आणि आपल्या घरी वेगळ्या खुंटीवर टांगली.

एका दुपारी मला मुलगी झाली. आजीनं कोयतीचं वाफाळतं पातेलं ओट्यावर आणून आम्हाला मुद्दाम दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तात्या रोज कचेरीत जाण्याआधी दारात उभे राहत. “दूध घेतलं?” विचारत, आणि निघून जात. सातव्या दिवशी मी नुसती मान डोलावली. आठव्या दिवशीही तेच. नवव्या दिवशी सकाळी भुकेल्या पोरीनं असं भोकाड पसरलं, की आळी गोळा झाली. तात्या पायरीवर बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, “आता चहा द्या.” त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले, आणि मी ते धरले.

पुढं धाकूआजीच आळीभर कोयतीचं महत्त्व सांगत फिरली, जणू युक्ती तिचीच. तात्यांनी ती खुशाल तिची होऊ दिली. वर्ष सरलं तेव्हा मी पुस्तक दोनदा चाळलं. त्या आळीचं तसं एकही बाळ त्यात नव्हतं. एवढ्या आनंदानं मृत्यूचं पुस्तक कुणी वाचलं नसेल.

दोष लिहू नका, असं संपादकांनी बजावलं आहे. तरी लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला “तुमचे आजोबा कसे गेले?” असं विचारायचं तात्यांनी आता सोडावं, ही समस्त यजमानांची विनंती इथं नोंदवतो.

समारंभात त्यांना हार घालणारी मुलगी कोण, हे वाचकांनी ओळखलंच असेल. ती आता चौथीत आहे.

उदंड आयुष्य सगळेच मागतील. मला नेमकं मागायची सवय तात्यांनी लावली आहे. दात आणि कान शाबूत ठेवून, सायकल दामटत त्यांनी शंभरी ओलांडावी. माझी नोंद त्याआधी केव्हाच होऊन गेलेली असावी. आणि फार फार वर्षांनी माझ्या खुर्चीवरच्या कुणा कारकुनानं त्यांच्या ओट्यावर बसून, तात्या कसे गेले ते सकाळपासून विचारावं, शेवटपर्यंत ऐकावं, आणि तरीही त्याला रकान्यात ‘म्हातारपण’ यावाचून लिहायला दुसरं काहीही सापडू नये.