थोरलीची मुरड

"वीण कुणाचीही असो, मुरड माझी." थोरली सून हे इतक्यांदा म्हणायची, की पोरं खेळातसुद्धा कंबरेवर हात ठेवून तिची नक्कल करत.

घर टोपल्या विणणाऱ्यांचं. विणायला सगळेच बसत. पण टोपली पुरी होत आली, की वर उभ्या राहिलेल्या वेताच्या काड्या भिजवून, एकीखाली एक दाबत कडेला वळवायचं काम एकाच हाताचं. तीच मुरड. ती ढिली पडली की सगळी वीण सुटली. सासऱ्यांची बोटं आखडली तेव्हा हे काम थोरलीकडे आलं, आणि त्यासोबत दाराजवळची उजेडाची जागाही. एरवी ऊठसूट नाक मुरडणारी ही बाई त्या जागेवर बसली, की तिचं नाकसुद्धा सरळ राही.

मग धाकटी जाऊ आली. तीही टोपल्यांच्याच घरातली. एकदा तिनं विचारलं, "मामंजी, आमच्याकडे हिला नुसती कड म्हणतात. तुम्ही मुरड का म्हणता?"

म्हाताऱ्याची कळी खुलली. "अगं, ताठ काडीला वाकवायचं, पण मोडू द्यायचं नाही, ती मुरड. आधी ती टोपलीला होती. मग कुण्या विणणाऱ्यानं आपल्या हट्टी पोराला सांगितलं असेल, बाबा रे, जरा मनालाही घाल. तेव्हापासून लोक मनाला मुरड घालतात आणि टोपलीला विसरतात. खरंखोटं देव जाणे, माझा बाप असं सांगायचा."

थोरली हौदात पाणी ओतत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं मुरड घातली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं, हेही खरं. पण ते आठवलं की राग आणखीच चढे. मला काम दिलं, हिला शब्द दिला!

त्यात सासरे म्हणाले, "या खेपेला धाकटीला घालू दे मुरड. बघू हात कसा आहे."

"घालू दे की," थोरली म्हणाली. पण विणताना तिनं उभ्या काड्या वितीऐवजी चार बोटांवरच छाटल्या. एवढी तोकडी काडी वळवायला गेलं की तडकणारच.

धाकटीनं पहिल्या टोपलीच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि तिला कळलं. सासऱ्यांकडे न जाता ती थोरलीपाशी आली.

"ताई, टोकं आखूड राहिलीत. एवढ्याशा काडीत मुरड बसवणारा हात या घरात एकच आहे."

"गोड बोलू नकोस. ठेव तिथं."

थोरलीनं काड्या जास्त वेळ मुरू दिल्या, नखांनी दाबत एकेक वळवली. बोटं सोलली, पण एकही काडी तडकली नाही. इतकी घट्ट मुरड तिच्या हातून आजवर उतरली नव्हती.

सकाळी व्यापारी आला. नवी सून मुरड घालणार, हे त्याच्या कानावर आलेलं. टोपली फिरवत म्हणाला, "वा, धाकट्या वहिनी! आल्या आल्या रंग दाखवलात."

"माझी नाही हो, ताईंची आहे ती."

"असं होय," म्हणून त्यानं पुढची टोपली उचलली.

थोरलीला वाटलं, हिनं श्रेय लाटलं असतं तर बरं झालं असतं, कडाकडा भांडता तरी आलं असतं. आता स्वतःची मुरडही तिला धाकटीच्या हातून घ्यावी लागली होती.

"ये गं थोरले, बस तुझ्या जागेवर," सासरे म्हणाले.

"बसू दे तिलाच. काड्या किती लांब कापायच्या ते मी बघते."

कोयता घेऊन ती वेताच्या बनाकडे निघाली, मान ताठ, चाल फणकाऱ्याची. एकदाही वळून पाहिलं नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत धाकटी दारात उभी होती. उजेडाची जागा तिच्यामागे रिकामीच पडली होती.