चौथा नट

सलीमभाईंशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे मी त्यांच्यावर ओरडलो, ते.

आज दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

अमरावतीत आमचं दोघांचं गॅरेज. वीस वर्षांची पार्टनरशिप. आता शटर मी एकटाच उचलतो आणि खरं सांगतो, कंटाळा येतो.

भाईंचं एक खूळ होतं. अँटी-सीझ. राखाडी पेस्ट असते. नट-बोल्टच्या आट्यांना लावली की नट तापून, गंजून जाम होत नाही.

आधी तारेच्या ब्रशनं आटे घासणार, मग जुन्या टूथब्रशनं पेस्ट लावणार. सावकाश. गिऱ्हाईक उभं असलं तरी.

त्या दिवशी दर्यापूरची जीप होती. सायलेन्सर बसवायचा, चार नट. ड्रायव्हर डोक्यावर उभा. "भाऊ, सवाऱ्या वाट पाहून राहिल्या."

ऊन मरणाचं. माझं डोकं फिरलं.

"नवरदेव हाये काय तो नट? हळद लावून राहिले त्याले!"

भाई हसले. "गजू, पुढं जो खोलन, त्यानं आपल्याले शिव्या देऊ नये, बस."

"तवा तुमी तरी असान काय?"

बोलून गेलो.

तीन नट झाले होते. चौथा मी त्यांच्या हातातून हिसकला आणि कोरडाच आवळला.

भाई उठले. हात धुतले, घरी गेले.

पुढचे दोन दिवस एकाच गॅरेजात तोंडं फिरवून काम केलं. माफी मागायची होती. उद्या मागू म्हटलं.

तिसऱ्या दिवशी अटॅक.

आज सकाळी नेमकी तीच जीप आली. सायलेन्सर सडलेला.

नट जाम असणार म्हणून पान्याला पाइप लावून, दम धरून बसलो. पहिला नट अर्धा फेरा फिरला आणि पुढे बोटांनीच निघाला. दुसरा तसाच. तिसराही. आट्यांत अजून भाईंची पेस्ट.

चौथा तुटला. ज्यावर बसतो त्या स्टडसकट.

आत अडकलेला तुकडा काढायला दुपारभर ड्रिल मारत बसलो. कंबर गेली. तोंडात शिव्या आल्या, पण देणार कोणाला? तो नट माझाच होता.

भाईंचा पेस्टचा डबा अजून फळीवर आहे. टूथब्रशही त्यातच.

चुकलं माझं, भाई. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आज चारही नटांना लावली. ड्रायव्हर घाई करत होता. म्हटलं, थांब जरा.

शेवटचा सलाम, सलीमभाई.
तुमचा गजू