दोनशे चौदा टब बर्फ

गेल्या नोव्हेंबरातला एक शुक्रवार, सकाळचे सव्वासात. रक्कम: पंचवीस सेंट. हजर: मी, असिस्टेड लिव्हिंगची डायरेक्टर डोना आणि तिथले चौऱ्याऐंशी वर्षांचे रहिवासी स्टॅन. पैजेचा विषय: डायनिंग हॉलच्या छपरावर या क्षणी किती वजन आहे.

"तीस ते पस्तीस पाउंड," मी म्हणालो. "एका चौरस फुटाला."

"साठ," स्टॅन म्हणाले.

"साठ शक्य नाही. बर्फ हलका आहे."

"मग लाव पंचवीस सेंट."

"लावले."

डोना म्हणाली, "तुमचं दोघांचं झालं की छप्पर पडणार आहे का नाही ते मला सांगा. आठ वाजता काउंटीचा फोन येणार आहे."

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. इमारत उभी राहील का, आणि राहिली तर किती वजन पेलेल, हे सांगणं माझं काम. बफेलोच्या दक्षिणेला, एरी सरोवराच्या काठच्या गावात आम्ही बावीस वर्षं राहतोय. ऑफिस उत्तरेला, अठरा मैलांवर. त्या शुक्रवारी हे अठरा मैल फार महत्त्वाचे ठरले.

इथल्या बर्फाला लेक इफेक्ट म्हणतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून कॅनडाचा गार वारा येतो. तो पाण्यावरून वाफ उचलतो आणि काठावर आला की बर्फ करून टाकतो. पण सगळीकडे नाही. एका अरुंद पट्ट्यातच. कुणीतरी अंगणात नळी एकाच कुंडीवर धरून उभं राहावं, तसं. पट्ट्याच्या आत पाच फूट बर्फ आणि बाहेर, तीन-चार मैलांवर, लोक गॉगल लावून कुत्रा फिरवत असतात. बुधवार रात्रीपासून कुंडी आम्ही होतो.

गुरुवारी गावात ट्रॅव्हल बॅन लागला. गाडी रस्त्यावर आणली तर दंड. तसाही रस्ता दिसत नव्हता. मी घरी बसून कामाला लागलो. संध्याकाळी जरा उघडीप झाली तेव्हा रूफ रेक काढला. वीस फूट लांब दांड्याचं फावडं असतं, जमिनीवर उभं राहून छपरावरचा बर्फ ओढायला. दीड तासात आमचं वरचं छप्पर मी स्वच्छ केलं, एक पट्टाही न सोडता. वैशाली, माझी बायको, खिडकीतून बघत होती. मी तिला अंगठा दाखवला. तिने पोर्चकडे बोट करून काहीतरी सांगितलं. मला वाटलं, चहा झालाय.

शुक्रवारी सकाळी सहाला डोनाचा फोन आला. तिची संस्था आमच्या घरापासून पाऊण मैलावर. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे आपल्याकडच्या वृद्धाश्रमापेक्षा हॉटेलला जवळचं काहीतरी: ज्याची त्याची खोली, जेवण एकत्र, औषधं वेळेवर. पूर्वी मी त्यांच्या एलेव्हेटरचं काम तपासलं होतं, म्हणून नंबर होता.

"छत कुरकुरतंय," ती म्हणाली. "सेहेचाळीस लोक आहेत माझ्याकडे. सात जण ऑक्सिजनवर. काउंटी म्हणते, इंजिनियरने धोका सांगितला तर सगळ्यांना लोडरने बाहेर काढू."

काउंटी म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, आणि लोडर म्हणजे पुढे भलीमोठी बादली असलेलं बर्फ उपसायचं यंत्र. त्या बादलीत ब्लँकेटं गुंडाळलेली म्हातारी माणसं, दोन-दोन करून. बाहेर उणे नऊ सेल्सियस.

मी ऑफिसला फोन केला. ग्रेग, माझा बॉस.

"इथे ऊन आहे," ग्रेग म्हणाला.

"इथे कंबरेइतका बर्फ आहे."

"खरंच? फोटो पाठव."

"ग्रेग, एका बिल्डिंगचं छप्पर बघायला चाललोय. चालत."

"बघायचं काय त्यात? इव्हॅक्युएट लिहून मेल टाक. त्यात आपलं कधीच काही चुकत नाही."

हे खरं होतं. 'सगळ्यांना बाहेर काढा' असं लिहिणाऱ्या इंजिनियरला कुणी कोर्टात खेचत नाही. बाहेर काढताना कुणाचं काही झालं तर तो हवामानाचा दोष. पण मला सात ऑक्सिजनचे सिलिंडर आणि लोडरची बादली दिसत होती.

"आधी मोजतो," मी म्हणालो.

"लायसन्स तुझं आहे," ग्रेग म्हणाला. "सही तुझी."

मोजायचं सामान घरातलंच घेतलं. गॅरेजमधला पाच फुटी प्लास्टिकचा पाइप, आतून चार इंच. आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ज्यावर दिवाळीत वैशालीने चकलीची भाजणी मोजली होती. पाइप बर्फात उभा खुपसायचा, आतला बर्फ बाहेर काढून तोलायचा. या मापाच्या पाइपाला एक सोय आहे: जितके ग्रॅम भरतील त्याला चाळीसने भागलं की एका चौरस फुटावर किती पाउंड आहेत ते साधारण मिळतं. एक चौरस फूट म्हणजे एक मोठी फरशी.

"काटा परत आण," वैशाली म्हणाली. "रविवारी केक करायचाय. आणि अरे, पोर्चचं काय?"

"आल्यावर," मी म्हणालो आणि निघालो. पाऊण मैलाला पन्नास मिनिटं लागली.

स्टॅन दारातच वॉकर घेऊन उभे होते. पस्तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवलेला माणूस.

"इंजिनियर तू?" त्यांनी मला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं. "आणि तो पाइप कशाला? सिंक तुंबलंय का कुणाचं?"

डोनाने जुनं ब्लूप्रिंट काढून ठेवलं होतं. डायनिंग हॉल एकमजली, सपाट छपराचा. त्याला लागून राहण्याच्या खोल्यांचा दुमजली भाग. छपराला आतून बारीक पोलादी जाळीच्या तुळया. कोपऱ्यात लिहिलेलं: चाळीस पाउंड. म्हणजे प्रत्येक फरशीवर अठरा किलो ठेवलेले चालतील. त्याच्या पुढे थोडी क्षमता असते, पण तिच्यावर सेहेचाळीस माणसं बसवायची नसतात.

"वरच्या मजल्याचं छप्पर आम्ही काल साफ केलं," डोना म्हणाली. "दोघं एड, आमचे मदतनीस, बुधवारपासून इथेच अडकलेत. बिचाऱ्यांनी चार तास खपून सगळं काढलं."

"छान," मी म्हणालो. आता लिहिताना हा शब्द मला आवडत नाही.

यानंतर पैज लागली. माझा आकडा हवेतला नव्हता. किती पडला, किती दबला, ताज्या बर्फाचं वजन किती, हा सगळा हिशेब मी चालता चालता केला होता. स्टॅनकडे हिशेब नव्हता. त्यांच्याकडे पँट्रीचं दार होतं.

"ते कालपासून अडकतंय," ते म्हणाले. "रोज सकाळी सहाला मी तिथून दोन बिस्किटं घेतो."

"तुम्ही घेता होय," डोना म्हणाली.

"काल दुपारी पुन्हा गेलो तर उघडेना. मी म्हटलं, डोनाने कुलूप लावलं. तिला विचारणार कसं?"

दार अडकणं म्हणजे वरची चौकट दबणं. मी पँट्री कुठे आहे ते पाहिलं. दुमजली भागाच्या भिंतीला अगदी लागून.

शिडी लावून मी हॉलच्या बाहेरच्या कडेवरून छपराच्या मोकळ्या भागातला बर्फ घेतला. एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. भागिले चाळीस: एकतीस पाउंड. खाली येऊन मी स्टॅनना आकडा सांगितला.

"पंचवीस सेंट, प्लीज."

"थांब," ते म्हणाले. "भिंतीजवळचा घेतलास का?"

"भिंतीजवळ थोडा जास्त असेल. वारा तिथे ढीग लावतो."

"वारा?" स्टॅन हसले. "काल दुपारी मी सूप पीत होतो. वरून धप्प. मग धप्प. चार तास धप्प-धप्प. तीनशेपर्यंत मोजले, मग बिंगो सुरू झाला. वारा धप्प करत नाही, पोरा."

मी डोनाकडे पाहिलं. "वरच्या छपरावरचा बर्फ त्यांनी कुठे टाकला?"

डोना जिन्याकडे धावली.

आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. कॉरिडॉरच्या चार खिडक्या डायनिंग हॉलच्या छपरावर उघडतात. पहिली उघडली तर बर्फ चौकटीला टेकलेला. खिडकीतून वाकून मी पाइप दोनदा भरला, कारण एकदा पुरला नाही. दोन किलो पाचशे वीस. त्रेसष्ट पाउंड. आठ फूट रुंद, चाळीस फूट लांब पट्टा, चाळीसच्या छपरावर त्रेसष्ट.

आठला दहा मिनिटं होती.

मी ग्रेगला फोन लावला, कारण तसं करायचं असतं.

"त्रेसष्ट? मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "इव्हॅक्युएट."

"हॉल वेगळा आहे, खोल्या वेगळ्या. खोल्यांचं छप्पर कालच रिकामं झालंय. सध्या गावातलं सगळ्यात सुरक्षित छप्पर तेच असेल."

"आणि हॉल पडला तर?"

"हॉल, किचन, पँट्री बंद करतो. भिंतीला लागून सहा खोल्या आहेत, त्याही रिकाम्या करतो. माणसं दुसऱ्या टोकाला लाउंजमध्ये."

ग्रेगच्या मागे पक्षी ओरडत होते.

"मेलमध्ये आकडे सगळे लिही," तो म्हणाला. "आणि काट्याचा फोटो."

आठ वाजता काउंटीचा फोन आला. मी सांगितलं, लोडर नको. हे वाक्य बोलताना माझा हात काट्यावर होता, आणि काट्याने त्याचेही चारशे ग्रॅम दाखवले.

आता तो पट्टा उतरवायचा होता. आधीच जड झालेल्या छपरावर माणसं चढवायची नाहीत, हा पहिला नियम. म्हणजे खिडकीतूनच काढायचा. काढून टाकायचा कुठे? मी हिशेब केला: पट्टा चाळीसच्या खाली आणायचा तर साडेआठ हजार पाउंड काढायचे, जवळजवळ चार टन. लाँड्रीच्या एका टबात चाळीस पाउंड मावतात. साधारण दोनशे दहा टब.

"कॉरिडॉरच्या त्या टोकाला बाल्कनी आहे," डोना म्हणाली. "पण टब तिथपर्यंत उचलणार कोण? दोघं एड, एक कुक, तू आणि मी."

"उचलायचा कशाला?" स्टॅन म्हणाले. ते एलेव्हेटरने वर आले होते. "बिल्डिंगमध्ये एकोणीस व्हीलचेअर आहेत."

मी आधी खाली जाऊन बाल्कनीखाली काय आहे ते पाहिलं. मोकळं मागचं अंगण. छप्पर नाही, पोर्च नाही. मग सुरू केलं.

आम्ही चौघं चार खिडक्यांशी फावडी घेऊन, चारही ठिकाणी सारखंच खाली जात, म्हणजे एक बाजू हलकी आणि दुसरी जड होणार नाही. टब भरला की व्हीलचेअरवर. आणि व्हीलचेअर ढकलायला, डोना नको नको म्हणत असताना, ज्यांना चालता येत होतं ते अकरा रहिवासी. व्हीलचेअरला धरून चालता येतं, वॉकरसारखंच, हे त्यांचं म्हणणं. बाल्कनीत डोना टब उलटा करायची.

"हेच लोक फिजिओथेरपीला आजारी पडतात," ती म्हणाली.

एक आजी, शहाऐंशीच्या, प्रत्येक फेरीला टबातल्या बर्फाला "सीटबेल्ट लावलास का?" असं विचारत होत्या. बाकीचे कॉरिडॉरमध्ये खुर्च्या टाकून वाहतूक बघत होते आणि उशीर करणाऱ्याला टोमणे मारत होते. स्टॅन खुर्चीत बसून बिंगोच्या कार्डांवर टब मोजत होते. शंभरावा टब गेला तेव्हा ते ओरडले, "बिंगो." कुणी बक्षीस दिलं नाही.

दोनच्या सुमारास बर्फ थांबला. तीनला ग्रेगचा फोन.

"ऊन गेलं," तो म्हणाला. "वारा फिरला. मला माझी गाडी दिसत नाहीये."

"खरंच? फोटो पाठव."

साडेतीनला शेवटचा टब. स्टॅनच्या कार्डांवर दोनशे चौदा. मी पुन्हा पाइप खुपसला: एक किलो चारशे चाळीस. छत्तीस पाउंड. खाली हॉलमध्ये जाऊन आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. छत गप्प होतं. स्टॅननी वॉकर सोडून पँट्रीचं दार ढकललं. ते उघडलं. ते आत गेले आणि दोन बिस्किटं घेऊन आले. एक डोनाला दिलं.

"त्रेसष्ट," ते मला म्हणाले. "मी साठ म्हटलं होतं. तू पस्तीसच्या वर जायला तयार नव्हतास."

माझ्या खिशात नाणं नव्हतं. उधारी लिहून घ्यायलाही त्यांनी नकार दिला. म्हणाले, इंजिनियर पळून जाणार कुठे, बॅन आहे.

धंद्यातला धडा एवढाच: छपरावरचा बर्फ काढला असं कुणी सांगितलं तर शाबासकी देण्याआधी तो कुठे ठेवला ते विचारावं. हे मला बावीस वर्षं माहीत होतं. सव्वासात वाजता मी विचारलं नाही, कारण माझ्याकडे तयार आकडा होता.

घरी पोचलो तेव्हा अंधारत होतं. वैशाली दारात टॉर्च घेऊन उभी. काटा तिने आधी माझ्या हातातून घेतला, मग टॉर्च पोर्चच्या छपरावर मारला. आमच्या वरच्या छपराचा सगळा बर्फ, एक पट्टाही न सोडता, पोर्चवर नीट रचलेला होता. दाराची चौकट वाकून दार घासत होतं.

"काल खिडकीतून सांगत होते," ती म्हणाली. "सकाळीही सांगितलं. किती असेल?"

"चाळीस," मी म्हणालो. थकलो होतो.

"पन्नासच्या वर. पंचवीस सेंट."

पाइप अजून माझ्या खांद्यावरच होता. दोन किलो ऐंशी. बावन्न. रात्री नऊपर्यंत मी तो बर्फ खाली अंगणात काढला, आणि तिने टॉर्च धरला.

असिस्टेड लिव्हिंगला बिल पाठवायचं नाही असं ग्रेगने सोमवारी ठरवलं. त्याचा स्वतःचा ड्राइव्हवे तेव्हा नुकता मोकळा झाला होता. प्रत्यक्ष रक्कम दिली गेली ती अशी: स्टॅनना पंचवीस सेंट, शनिवारी सकाळी, चालत जाऊन; आणि वैशालीला पंचवीस सेंट, त्याच शुक्रवारी रात्री, काटा पुसून दिल्यावर.