गाडीतली ठकठक

मेहकरच्या वाचनालयात संध्याकाळी मला एका इंग्रज गायकाच्या अल्बमवर बोलायचं होतं. एकटा माणूस, एक गिटार, लोकगीतं आणि ब्लूज. 'हा अल्बम मी कोळून प्यायलोय,' असं आयोजकांना मीच ठोकून दिलं होतं. म्हणून वाटेत गाडीतही तोच लावला, तर डोणगावच्या अलीकडे गाडी ठकठक करायला लागली. आता कार्यक्रम हुकतो, या धास्तीनं मी रस्त्याकडेच्या गॅरेजात शिरलो.

मेकॅनिक पन्नाशीचा, कानावर बिडी. इंजिन चालू ठेवायला सांगून त्यानं लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"साहेब, थे गाणं बंद करा बरं."

केलं. ठकठकही बंद.

"गाडीले काई नाई झालं. थो गाणारा बुवा फळीवर पाय आपटून राह्यला. लावा पुन्हा."

खरंच की! घरी मोबाइलवर हा पाय मला कधी ऐकूच आला नव्हता. मेकॅनिकनं मांडीवर पेचकस वाजवत अख्खं गाणं ऐकलं. शब्द एकही कळत नव्हता त्याला.

"एकटाच हाये बिचारा," तो म्हणाला, "सोबतीले पायच घेतला त्यानं. काऊन हो साहेब, तुम्ही काय आयकून राह्यले होते?"

संध्याकाळी मी बोललो ते बहुतेक त्या पायाबद्दलच.

"इतकं बारीक ऐकलंत कसं?" एकानं विचारलं.

"डोणगावच्या एका माणसानं पेचकस लावून ऐकवलं," मी म्हणालो.

सगळे हसले. त्या दिवसभरात मी शंभर टक्के खरं बोललो ते एवढंच.