चॉकलेटचे दोन स्लॅब

ठसका हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती तोंड उघडायची आणि समोरच्याला ठसका लागायचा, म्हणून घरच्यांनी पाडलेलं ते नाव. लग्न झालं, नवरा गेला, केस पिकले, तरी ते काही सुटलं नाही. नणंद तेवढी तिला वहिनी म्हणते. दोघी एका खोलीत राहतात, एक शिवते, एक रांधते, आणि दोघींचं पटतं. नणंद-भावजयीचं पटतं म्हटल्यावर लोकांना खोटं वाटतं, त्याला त्या काय करणार!

तर ही ठसका एका मोठ्या इमारतीत चार घरी स्वयंपाक करायची. थोडीथोडकी नाही, अकरा वर्षं. त्यातलं एक घर तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमचं. मॅडमच्या जिभेवर खडीसाखर. "मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" असं म्हणायची आणि त्या एका वाक्यात चार पाहुण्यांचं जास्तीचं करून घ्यायची. तिचा मुलगा फळ म्हटलं की तोंड फिरवायचा. ठसकाने एकदा केळ्यात काडी खुपसली, गोठवलं, चॉकलेटमध्ये बुडवलं आणि त्याच्या हातात दिलं. पोराने तीन खाल्ली. आठवड्याभरात त्याच्या वर्गातल्या आया विचारायला लागल्या, आणि महिन्याभरात मॅडम ऑर्डरी घ्यायला लागली. खोक्यावर छापलं होतं: सगळं माझ्या स्वतःच्या हाताने. बाईच्या हाताला फ्रीझरचं दार माहीत नव्हतं!

हात ठसकाचे. केळं पिकलेलं हवं, पण बोटाखाली दबायला नको. अर्धं कापायचं, बुडातून काडी घालायची, कागद पसरलेल्या ट्रेवर सुटी सुटी मांडायची आणि दगड होऊ द्यायची. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, अननसाच्या फोडी आधी एकेक करून पुसायच्या, न्हाणलेलं बाळ पुसतात तशा. मग पातेल्यात गरम पाणी, त्यावर वाडगं, आणि वाडग्याचं बूड पाण्याला लागू द्यायचं नाही. चॉकलेट वितळलं की चमचाभर बिनवासाचं तेल, म्हणजे थर पातळ बसतो आणि दाताखाली कुडकन मोडतो. केळं बुडवायचं, गर्रकन फिरवून बाहेर काढायचं, बदामाचा चुरा पेरायचा असेल तर तिथल्या तिथे, कारण दोन आकडे मोजेपर्यंत थर घट्ट झालेला असतो. आणि पाण्याला जवळ येऊ द्यायचं नाही. चॉकलेटचं आणि पाण्याचं सवतीसवतींचं नातं. एक थेंब पडला की चॉकलेट रुसतं, असं ठसका म्हणायची. रुसलं की आळतं, रवाळ होतं, ओल्या वाळूचा गोळा व्हावा तसं. ओतायचं म्हटलं तर ओतता येत नाही आणि खायचं म्हटलं तर खाववत नाही.

सोमवारी ठसकाची सुट्टी असायची. अशा सुट्टीनंतरच्या एका मंगळवारी सकाळी तिने मॅडमकडचा केराचा डबा उचलला, तर सालांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन काळे गोळे. तिने उलटून पाहिलं, बोटाने चुरडलं आणि तिला हसूच आलं. मॅडमनी एकटीने करून पाहिलेलं दिसतंय, असं मनाशी म्हणत तिने डबा खाली नेला आणि कचऱ्याच्या गाडीत पालथा केला. आपला पुरावा आपल्याच हाताने! पण तिला बिचारीला काय माहीत.

संध्याकाळी मॅडमच्या नवऱ्याने फडताळ उघडलं आणि विचारलं, "मी चार स्लॅब आणले होते. दोन कुठे गेले?" चांगल्यातलं, महागाचं चॉकलेट होतं ते. आता मॅडम काय सांगणार? गावभर मिरवलंय की सगळं माझ्याच हातचं. मावशी नाही तर मला येत नाही, असं नवऱ्यासमोर कबूल करायचं? तिने ठसकाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "ह्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय येतं कोण?"

"मॅडम, ते केरात होते," ठसका म्हणाली. "मी बघितले सकाळी. खराब झाले होते."

"कुठल्या केरात, मावशी?" मॅडमने इतक्या गोड आवाजात विचारलं की नवरा डबा बघायला गेला. डबा स्वच्छ, धुतलेला, कोपऱ्यात पालथा. ठसकानेच धुतलेला.

खाली फाटकाशी वॉचमनने तिची पिशवी उघडून बघितली. वरून फोन आला होता म्हणे. पिशवीत चष्मा, रुमाल आणि नणंदेसाठी घेतलेली दोऱ्याची दोन रिळं. ये-जा करणारे बघत होते. त्यानंतर आठ दिवसांत बाकीची तिन्ही घरंही सुटली. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, बायकांच्या क्लबच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्ही आता रात्रीचं हलकंच खातो." डॉक्टरीणबाईंकडे अचानक कुणी मावसबहीण राहायला येणार होती. प्राध्यापिकेने तेवढीही तसदी घेतली नाही, वॉचमनकडे निरोप ठेवला. आणि इमारतीतली पोरं तिला रस्त्यात बघून ओरडायला लागली, "चॉकलेटचोर!"

चोर? ठसकाला? जिने अकरा वर्षांत दुसऱ्याच्या घरात मिठाचा खडा न विचारता जिभेवर ठेवला नाही? तिच्या अंगाची नुसती लाही झाली. तिला घरं परत नको होती, भरपाई नको होती. तिला एकच हवं होतं: त्या बाईने आपल्या तोंडाने, चार लोकांत सांगावं की मावशींनी काही घेतलं नाही.

"जाऊ दे ना वहिनी," नणंद म्हणायची. "देव बघतोय."

"देव बघतोय गं. देवाबद्दल माझी तक्रारच नाही. लोकांनी बघायला हवंय."

घरी जुना फ्रीज होता. ठसकाने त्याच्यातला बर्फ खरवडून काढला आणि कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्यासाठी फळं करायला घेतली. प्रत्येक केळं म्हणजे मॅडमच, असं समजून ती बुडवायची. मानेला धरून खाली, गर्रकन फिरवून वर. तोंडाने शिव्या चालूच. नणंद शिलाई मशीन थांबवून म्हणायची, "इतक्या रागाने केलेलं कुणाला तरी बाधेल हं." कुणाला बाधलं नाही. उलट ज्यूसवाला रोज जास्त मागायला लागला. चॉकलेटला राग मानवतो बहुतेक. असे अकरा महिने गेले, आणि तिचा राग तसूभर कमी झाला नाही. फ्रीझरमध्ये ठेवल्यासारखा ताजा राहिला म्हणा ना.

मग नणंदेकडे क्लबच्या हॉलचे पडदे शिवायला आले, आणि पडद्यांबरोबर रविवारच्या कार्यक्रमाचे दोन पास. पासावर मॅडमचा फोटो. हातात चॉकलेटचं केळं. खाली लिहिलेलं: बघा आणि शिका.

"जायचं नाही," नणंद म्हणाली.

"इस्त्री तापव," ठसका म्हणाली.

रविवारी चार वाजता दोघी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. हॉल गच्च भरलेला, शंभराच्या वर बायका. पहिल्याच रांगेत पलीकडे अध्यक्षबाई, डॉक्टरीणबाई, प्राध्यापिका ओळीने. तिघींनी ठसकाला पाहिलं आणि तिघींना एकदम आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायचं आठवलं. स्टेजवर टेबल, टेबलावर कॅमेरा रोखलेला, मागे मोठा पडदा, म्हणजे वाडग्यात काय चाललंय ते शेवटच्या खुर्चीलाही दिसावं. मॅडम आली, हसली, माईकमधून गोड गोड बोलली. घोकून आली असणार. चॉकलेट वितळवलंन, तेल घातलंन, पहिलं केळं ठीकठाक बुडवलंन. टाळ्या पडल्या. "काही शंका असतील तर विचारा हं," ती म्हणाली.

ठसका उभी राहिली. "मॅडम, मला विचारायचंय. ह्याच्यात पाणी पडलं तर काय होतं?"

मॅडमने तिला तेव्हा पाहिलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण त्याच्यातला जीव गेला. "पाणी... पडूच द्यायचं नाही," ती म्हणाली. बायका हसल्या.

"ते झालंच. पण पडलं तर? समजा, दोन स्लॅब नासले. मग ते काय करायचे? वर्तमानपत्रात गुंडाळायचे का?"

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही, पण काहीतरी आहे एवढं कळलं. सगळ्या माना लांब झाल्या. मॅडमने घाईघाईने चमचा उचलला, ओल्या फडक्यावर टेकवलेला, तोच, आणि तस्साच वाडग्यात घालून ढवळायला लागली. ठसकाने बघितलं. ओरडायला तिला वेळ होता. ती ओरडली नाही. पडद्यावर शंभर बायकांच्या देखत ते तुकतुकीत चॉकलेट आधी मळकट झालं, मग जाड झालं, मग चमच्याभोवती गोळा होऊन बसलं. ट्रेमधल्या गोठलेल्या फळांना घाम फुटला होता, आणि मॅडमलाही.

"आता हो?" मागून कुणीतरी विचारलं.

मॅडमने गोळ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि शेवटी खाली. "मावशी," ती हळूच म्हणाली, "जरा वर येता का?"

"येते की," ठसका म्हणाली. "आधी त्या दोन स्लॅबचं सांगा. आणि माईक तोंडाजवळ धरा, मागच्यांना ऐकू जात नाही."

नणंदेने तिचा हात इतका आवळला होता की बांगडी रुतली. मॅडमने माईक तोंडाजवळ धरला. "ते माझ्याकडून... असेच खराब झाले होते. मीच टाकून दिले. मावशींनी काही घेतलं नव्हतं."

झालं! हेच, अगदी हेच शब्द तिने अकरा महिने रोज केळी बुडवताना मनातल्या मनात ऐकले होते. ठसका पायऱ्या चढून वर गेली, कारण बोलीला ती पक्की. वाडगं पुन्हा वाफेवर ठेवलंन, कोमट तेल मागितलंन, चमचा चमचा घालून ढवळत राहिली. दुसऱ्या चमच्याला गोळा सैल झाला, चौथ्याला धार लागली. मग तिने न बोलता वीस केळी एकामागून एक बुडवून मांडली. हॉल टाळ्यांनी दुमदुमला. तिला वाटलं, मरण आलं तरी आता हरकत नाही.

ती हात पुसत होती, तेवढ्यात त्या तिघी वर आल्या. अध्यक्षबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं हो मावशी, एकदाचं बाहेर आलं. आम्हाला तर माहीतच होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच, की तुम्ही असलं काही करणार नाही म्हणून. आमचा एक क्षणही विश्वास बसला नव्हता."

"माझाही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. प्राध्यापिकेने मान हलवली.

ठसकाच्या हातातलं फडकं थांबलं. "मग मला काढलंत का?"

"अहो, आता तिच्याशी रोजचा शेजार," अध्यक्षबाई हसून म्हणाल्या. "उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा? जाऊ दे ना. उद्यापासून या परत, चारही घरी."

अकरा महिने! अकरा महिने ठसका समजत होती की आपल्यावर आळ आलाय, तो पुसला की सगळं पुसलं. आणि आळ कुणी खरा मानलाच नव्हता. चोर नाही हे पुरतं ठाऊक असताना चोर म्हणून काढलं, का, तर वाईटपणा नको! तिने टेबलावरचा माईक उचलला.

"ऐका," ती म्हणाली. "मॅडमनी खोटं सांगितलं, भीतीपोटी. आज खरं सांगितलं, तेही भीतीपोटीच. पण सांगितलं. ह्या तिघींना पहिल्या दिवसापासून खरं माहीत होतं. ह्यांना कुणाचीच भीती नव्हती."

ह्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या बायका आपल्या मांडीवरच्या पर्सकडे बघत बसल्या. बहुतेकजणी त्याच इमारतीतल्या. ठसकाने एकेका रांगेवरून नजर फिरवली, आणि ह्यातल्या किती जणींना माहीत होतं, हे तिला विचारावं लागलं नाही.

रस्त्यात नणंद रडायला लागली. "रडतेस काय?" ठसका तिच्यावरच खेकसली. "मला अजून नीट राग यायचाय."

ह्याला सहा वर्षं झाली. ठसका त्या इमारतीत परत गेली नाही. कोपऱ्यावर ज्यूसवाल्याच्या शेजारी तिची आता स्वतःची गाडी आहे, फ्रीझरवाली. मॅडम अधूनमधून येते, पोराला घेऊन रांगेत उभी राहते. ठसका तिच्याशी बोलत नाही, पण केळं देते, आणि थर जाड देते. गेल्या वर्षी अध्यक्षबाई वारल्या. सगळा रस्ता त्यांना पोचवायला गेला, ज्यूसवालासुद्धा दुकान बंद करून गेला. नणंद दारात चपला घालून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, गेलेल्या माणसाशी कसलं वैर? चल, उगाच वाईट दिसतं."

"दिसू दे," ठसका म्हणाली आणि केळी सोलायला बसली.